बनुबाईला कडू लागलं नाही

बनुबाई आमच्या टीबी वॉर्डात अकरा वर्षं आया होती. मूळची तिसगावची. नवरा गेल्यावर मुलाला, कानिफनाथला, घेऊन केडगावात आली. बडबडी, हट्टी आणि कामाला वाघ. थुंकीचं भांडं उचलताना बाकीच्या नाकं मुरडायच्या, ही रोग्याला जेवलास का म्हणून विचारायची. सकाळी वॉर्डात शिरताना तोंडात मिश्री ठरलेली. मी रागावले की म्हणायची, "सिस्टर, मिश्रीबिगर दिस उजाडत न्हाई मला." मी सोडून द्यायचे. लोकांच्या सवयी सुधारायचा पगार मला मिळत नाही, असं तेव्हा ऐटीत म्हणायचे.

मी स्टेला. कुणाला कुठला मास्क नीट बसतो, हे तपासायचं काम माझ्याकडे आहे. मास्क लावलेल्या माणसाच्या डोक्यावर पारदर्शक टोप चढवायचा आणि आत कडू औषधाचा फवारा मारायचा. कडू लागलं तर मास्कला फट आहे. पण त्याआधी मास्क न लावता एक फवारा मारून बघायचा असतो, त्या माणसाच्या जिभेला कडू कळतं तरी का. आणि आधीची पंधरा मिनिटं तोंडात काही नको.

त्या दिवशी पंधरा जणींची रांग होती आणि दुपारी वरचे साहेब कागद बघायला येणार होते. मी तो बिनमास्कचा पहिला फवारा मारलाच नाही. फॉर्मवर मात्र तो मारल्याची खूण केली.

बनुबाईने टोपात मान डोलावली, सांगितल्याप्रमाणे वाकली, बोलली. "काय बी लागंना, सिस्टर. झ्याक हाय." मी सही ठोकली.

सात महिन्यांनी ती खोकू लागली. टीबी निघाला, तोही नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारा. आमच्याच वॉर्डात तिला खाट मिळाली. मेट्रन म्हणाल्या, "मास्क तर पास होता. हिनंच काढला असणार." सगळ्यांनी री ओढली. मीही मान डोलावली, लाज वाटते सांगताना. कानिफनाथने ते खरं मानलं. घरात माझी चार वर्षांची पोरगी आहे, एवढं कळलं नाही का, असं आईला बोलला आणि यायचा बंद झाला.

बनुबाईलाही ते पटत चाललं. "येकदा च्या पिताना खाली केल्ता मी. तवाच झालं आसंल. माजंच चुकलं." रोज हेच. अंगावर मांस उरलं नव्हतं, आणि ती आपला गुन्हा शोधत पडून असायची.

एका दुपारी गोळ्या वाटत होते. शेजारच्या खाटेवरची बाई गोळी चावली गेली म्हणून ओकाऱ्या काढत होती. बनुबाई स्वतःची तीच गोळी शांतपणे चावत होती. मी म्हटलं, "कडू नाही लागत?"

"मला कुटं कडू कळतंय? लई वर्सं झाली. कारलं बी मातीवानीच लागतं."

मी गोळ्यांचा ट्रे तिच्या खाटेवरच ठेवला. मास्कला फट तेव्हाही होती. माझ्यासमोर होती.

मेट्रनना सांगितलं. त्या म्हणाल्या, "झालं गेलं, आता कशाला उकरता?" तेव्हा मीच कानिफनाथला फोन करून बोलावलं आणि त्याच्या आईसमोर सगळं सांगितलं: रांग, न मारलेला फवारा, खोटी खूण.

बनुबाई माझ्यावर चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. पदर तोंडाला लावून तिने एवढंच विचारलं, "म्हंजी च्या पिताना न्हाई झालं?"

"नाही, बनुबाई. तुमचं काही चुकलं नाही."

ती रडू लागली. कानिफनाथ आईच्या पायाशी बसला. तिच्या पिंढरीवर हात ठेवला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाला, "त्या दिशी रांगेत आजून किती जनी हुत्या म्हनालात?"

"चौदा," मी म्हणाले.

पलीकडच्या खाटेवर आमची नर्स ज्योती एका खोकणाऱ्या बाईला उठवून बसवत होती. तोंडावर मास्क होता, त्याच रांगेत मी पास केलेला.