काकाजींचा उजवा हात

काकाजी उडायला बसण्याआधी चपला बाहेर काढायचे. आमचं हेलिकॉप्टर जमिनीपासून वीतभरही उठणारं नव्हतं. भंडाऱ्याबाहेरच्या एका शेडमध्ये बसवलेली ती नुसती केबिन, समोर आकडे नि आकाश दाखवणारे पडदे, खाली तारांचं जाळं. तरी त्यात शिरताना ते अनवाणी. "पायाले पेडल समजलं पायजे," म्हणायचे. नाकाडोंगरीचा हा माणूस फौजेतली हेलिकॉप्टरं उडवून निवृत्त झाला होता. हेलिकॉप्टर वळवायची नवी स्टिक नि नवे पडदे खऱ्या हेलिकॉप्टरात बसवण्याआधी इथे उडवून बघायचे आणि चुका काढायच्या, हे त्यांचं काम. त्या दुरुस्त करणं माझं.

चुका काढण्यात एखाद्या सासूनं त्यांच्याकडे शिकवणी लावावी. उंचीचा आकडा पापणी लवेल एवढा उशिरा बदलला, की उडणं थांबवून मला हाक. "पोरी, तुहा आकडा झोपून राहिला." मी चिडायची, तारा तपासायची, आणि दर वेळी तेच बरोबर निघायचे. पुढे शेडमध्ये नियमच पडला: काकाजी म्हणाले म्हणजे दोष यंत्रात.

या नियमानंच आमचा घात केला. एके दिवशी ते म्हणाले, "स्टिक थरथरून राहिली." स्टिकची हालचाल दाखवणाऱ्या संगणकावरच्या रेघेतही बारीक थरथर दिसत होती. मी स्प्रिंग बदलली, मोटर बदलली, शेवटी अख्खी स्टिक बदलली. तीन आठवडे गेले. त्यांच्या हाताकडे बघायचं कोणाच्याही डोक्यात आलं नाही.

शेवटी त्यांनीच मला सीटवर बसवलं. "तू पकड." मला उडवता कुठे येतं? मी नुसती स्टिक धरून बसले. रेघ सरळ गेली. काकाजी बराच वेळ ती बघत राहिले, मग उजवा हात त्यांनी खिशात घातला. "स्टिक बेस आहे, पोरी. उगाच खोलत राहिली तू तिले." अहवाल त्यांनीच लिहिला, डाव्या हातानं: स्टिक निर्दोष. वैमानिक बदलावा. खाली सही मला करावी लागली. त्या सहीचा मला अजून राग येतो.

मागच्या महिन्यात नाकाडोंगरीला गेले. काकू त्यांना वरणभात भरवत होत्या. कंपवात आहे, वाढतच जाणार, असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. नवा वैमानिक चुकाच काढत नाही, अशी तक्रार मी केली, वाटलं, हसतील. त्यांनी उजवा हात माझ्यापुढे केला.

"तू पाहून घे एकदा. कुठं तार ढिल्ली असन."

मी तो दोन्ही हातांत धरला. तो थांबला नाही.

"नाही सापडत, काकाजी."

"बरं," ते म्हणाले, आणि काकूंनी पुढचा घास उचलला.