प्लंबरची किळस

रुग्ण: पुरुष, वय त्रेसष्ट. व्यवसाय: प्लंबर (निवृत्त). डावी बाजू अधू, तोंड किंचित वाकडे. पक्षाघातोत्तर नैराश्य. समुपदेशनास प्रतिसाद: असमाधानकारक.

'निवृत्त' हे कोणी ठरवलं, ते कागदावर नाही. चाळीस वर्षं हा माणूस लोकांच्या मोऱ्यांत कोपरापर्यंत हात घालत आला आणि तोच हात धुऊन डबा खात आला. "घाण ती घाण, तिला नाकं कसली मुरडायची?" हे त्याचं तत्त्वज्ञान. आता मात्र त्याला किळस होती ती स्वतःच्या लाळेची. घास तोंडाच्या डावीकडून ओघळायचा, बायको लगबगीनं रुमाल लावायची आणि सून भिंतीवरच्या कॅलेंडरातली तारीख फार मन लावून वाचायची. तीन महिने तो दार लावून जेवत होता. तेही निम्मं ताट. अकरा किलो वजन उतरलं होतं.

समुपदेशक बाईंनी गृहपाठ दिला होता: रोज एक घास सगळ्यांसमोर.

"काका, झाला का एक घास?"

"नाही."

"तेव्हा मनात काय येतं?"

"ओकारी."

पाचव्या भेटीत त्यानं काठीनं बाईंच्या खोलीच्या कोपऱ्यातलं तुंबलेलं बेसिन दाखवलं. "पाच आठवडे हा वास घेतोय. मन कसलं मोकळं करताय, आधी हे करा."

"तीनदा तक्रार केलीय, काका."

"तक्रारीनं गाळ हलतो होय? खाली बादली ठेवा. पाइपाखालची ती वाटी फिरवा. उलटी फिरवा हो, बाई!"

वाटी सुटली. काळं पाणी बाईंच्या बाहीत शिरलं. त्यांनी पाइपात बोटं घालून केसांचा बुळबुळीत गोळा ओढून काढला आणि बादलीतच भडाभडा ओकल्या.

तो हसला. लाळ थेट शर्टावर आली.

"काका, तुमच्या हनुवटीला..."

"तुमच्याही लागलंय."

बाईंनी तोंड धुतलं आणि नोंद केली: सत्रात विषयांतर. गृहपाठ अपूर्ण.

त्या दुपारी घरी तो जेवणाच्या टेबलाशी येऊन बसला. बायकोनं रुमाल पुढे केला.

"ठेव तिकडे. सूनबाई, तारीख पाठ झाली असेल तर वाढ."

घास ओघळला. किळस आलीच. त्यानं दुसरा घेतला.

पुढच्या महिन्याच्या अहवालातही प्रतिसाद 'असमाधानकारक' आहे. वजन दोन किलोनं वाढलंय.