राणीच्या गळ्यातलं पाणबुडी घड्याळ

माझ्या नावावर दोनशे मीटर खोल पाण्यात चालणारं घड्याळ आहे आणि मला पोहता येत नाही. कसबा बावड्यात राहून, नदी एवढी जवळ असून! पण घड्याळ दिलं मेहुण्यानं. तो जहाजावर नोकरीला. गेल्या वर्षी आला आणि स्वतःच्या मनगटावरचं काढून माझ्या हातात घातलं.

"दाजी, हे ऑटोमॅटिक हाय. सेल न्हाई, चावी न्हाई. हात हालला की आपोआप चालतंय. जपा बरं का, लई जीव हाय माझा ह्याच्यावर!"

मेहुणा गेला आणि दोन दिवसांत घड्याळ बंद पडलं.

त्याचं असं, की मी घरून काम करतो. म्हणजे उजवा हात माउसवर आणि डावा हनुवटीखाली. (घड्याळ डाव्या हातात.) बायकोनं ते हातात घालून कणीक मळली तर पठ्ठ्या लगेच चालू! आईच्या डोळ्यांत चमक आली.

"म्हंजे ह्यो काम करतोय का न्हाई, हे घड्याळ सांगतंय व्हय?"

झालं! रोज संध्याकाळी आई माझं मनगट धरून बघायची आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर करायची, "बंद हाय!"

अशातच दिवाळीच्या तोंडावर मेहुण्याचा फोन आला. पाडव्याला येतो, भाऊबीज करूनच जातो. "घड्याळ बरं चाललंय न्हवं, दाजी?"

"एक नंबर!" मी म्हणालो.

फोन ठेवताच बायको कडाडली, "अहो, माझ्या भावाच्या जिवाचं घड्याळ! ते बंद दिसलं तर माहेरात माझं नाक कापलं जाईल. हात हलवा की जरा!"

मी गॅलरीत उभा राहून हात हलवू लागलो. समोरच्या काकांना वाटलं, बोलावतोय. ते चहाला आले. (दोनदा!)

मग मला सुचलं. मागच्या गोठ्यात माझ्या चुलतभावाची, बाळूदादाची, राणी नावाची म्हैस आहे. पाडव्याला आमच्याकडे म्हशी नटवून, सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलमागं पळवतात. त्याचा सराव रोज चाललेला. एवढी हालचाल आमच्या अख्ख्या घराण्यात कुणी करत नव्हतं!

"दादा, हे सरावापुरतं राणीच्या गळ्यात बांधतोस का?"

दादानं मला खालून वर न्याहाळलं. "आन् तू काय करणार?"

"मी बघतो की!"

घड्याळ असं पळालं म्हणता! संध्याकाळी ते काढून मी हातात घालायचो आणि आई बघून गप्प बसायची. शेफारलो मी. पाडव्याच्या आदल्या दिवशी म्हटलं, राहू दे रात्रभर राणीकडेच. पाहुणा आला की ताजंताजं काढून घालू.

पाडव्याच्या दुपारी मेहुणा आला. मी मागच्या दारानं गोठ्यात पळालो, तर गोठा रिकामा! दादा राणीला घेऊन केव्हाच गेलेला.

"दाजी, घड्याळ कुठाय?"

"सर्व्हिसिंगला दिलंय."

"बरं. चला, म्हशी बघून येऊ."

"गर्दी असते हो, धूळ असते..." मी चाचरलो.

"जावा की! एवढ्या लांबनं आलाय त्यो," बायको म्हणाली. तिला बिचारीला यातलं काहीच माहीत नव्हतं.

मोटारसायकल फाडफाड करत आली आणि मागून राणी! रंगवलेली शिंगं, मोरपिसं, गळ्यात कवड्यांची माळ. माळेच्या मधोमध काहीतरी लखलखत होतं. मेहुणा मान पुढं काढून बघायला लागला.

"तिकडं बघा, तिकडं! कसली शिंगं हायत!" मी उलट्या दिशेला बोट दाखवलं. तिकडं आइस्क्रीमची गाडी होती.

तेवढ्यात माइक गरजला. "आन् सजावटीचा पयला नंबर... बाळूदादाची राणी! गळ्यात फॉरेनचं घड्याळ घालणारी जिल्ह्यातली पयली म्हस! वाजवा की टाळ्या, पावणं!"

इथं थांबलं असतं तरी चाललं असतं. पण आमचा दादा सरळ मनाचा माणूस. त्यानं माइक हातात घेतला. "ह्याचं समदं श्रेय माझ्या भावाला. त्यो बघा, निळ्या शर्टातला! त्याच्या हातात हे घड्याळ चालतच न्हाई!"

सगळी गर्दी माझ्याकडे वळली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

मेहुणा सरळ राणीजवळ गेला. घड्याळ उचलून मोबाइलशी ताडून पाहिलं. मग तिच्या कपाळावर हात फिरवला.

"दाजी, मिनिटाचा फरक न्हाई! माझ्या हातात पण एवढं बरोबर कवा चाललं न्हाई. ऱ्हाऊ दे हिच्याकडंच."

घरी हे कळल्यावर बायको त्या रात्री माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी भावाला ओवाळताना मात्र तिला असं हसू फुटलं की ताटातली सुपारी घरंगळत कोचाखाली गेली. (ती काढायलाही मलाच वाकावं लागलं.)

यंदाच्या दिवाळीला मेहुणा दोन खोकी घेऊन आला. लहान खोक्यात राणीसाठी खास मापाचा चामडी पट्टा. मोठं माझ्यासाठी! मी हरखून उघडलं. आत भिंतीवरचं घड्याळ.

"ह्याला सेल हाय, दाजी," मेहुणा मायेनं म्हणाला. "एका जागी टांगून ऱ्हायचं, हालायचं कामच न्हाई. दुकानात बघितलं आन् पयली तुमचीच आठवण आली!"