न येणारी भाषा

या ग्रुपवरच्या माझ्या जुन्या कमेंट्स ज्यांनी वाचल्यात, त्यांना आता हसू येईल. हसा. कुणाला माळ्यावर पावलं ऐकू आली की ‘उंदीर असतील’, कुणाला गेलेली आजी दिसली की ‘झोप पूर्ण करा’ – असं लिहिणारा तो मीच. आजही माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. म्हणूनच हे लिहिताना भीती वाटत नाही… लाज वाटते.

मी सोलापूरचा. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी करतो. आमचं घर बौद्ध. वडील – आप्पा – एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. घरात कधी लिंबू-मिरची टांगली नाही की कुणाच्या मनगटाला गंडा बांधला नाही. लहानपणी मला कावीळ झाली, तेव्हा शेजारणीनं मंतरून आणलेलं पाणी आप्पांनी तिच्यादेखत मोरीत ओतलं होतं. सुट्टीच्या दिवशी मी खेड्यापाड्यांत जाऊन नारळ पेटवणं, हातातून अंगारा काढणं असले ‘चमत्कार’ करून दाखवायचो आणि मग त्यामागचं रसायन सांगायचो. आप्पा सगळ्यात पुढं बसायचे.

गेल्या उन्हाळ्यात आप्पांच्या छातीत दुखायला लागलं म्हणून त्यांना ॲडमिट केलं. आयसीयूतून बाहेर काढून शेजारच्या वॉर्डात ठेवलं होतं. बायका-पुरुष तिथं एकत्रच, खाटांमध्ये फक्त हिरवा पडदा. पडद्यापलीकडं एक म्हातारी होती – शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरातली, जन्मभर विड्या वळलेली. लकवा मारून तिचं तोंड वाकडं झालं होतं, जीभ जड झाली होती. तिचा मुलगा श्रीनिवास टॉवेलच्या कारखान्यात होता. त्यानंच सांगितलं होतं, की आईला मराठी येतं ते बाजारापुरतं, आणि आता ती जे काही पुटपुटते ते घरच्यांनाही समजत नाही.

आणि मला तेलुगू? अख्खा जन्म सोलापुरात गेला तरी ‘रा’ म्हणजे ये आणि ‘पो’ म्हणजे जा, याच्या पुढं माझी गाडी कधी गेली नाही.

त्या दुपारी श्रीनिवास औषधं आणायला खाली गेला होता. आप्पा पेपर वाचत पडले होते. म्हातारी अचानक खाटेच्या कठड्यावर हात आपटायला लागली. सिस्टर दुसऱ्या पेशंटजवळ होती, म्हणून मी उठलो. पाणी हवं असेल असं वाटलं. वाकून कान जवळ नेला.

आणि ती काय म्हणतेय ते मला कळलं.

कसं सांगू… कानावर पडत होतं ते नुसतं अ-अ, ल-ल असंच. पण आपली आई बोलते तेव्हा आपण तिचे शब्द थोडेच ऐकत असतो? थेट अर्थच पोचतो. तसं झालं. चिट्टीला बोलवा, ती मंद्रूपला असते, असं ती सांगत होती. म्हणत होती, मी एकदा कुणाला न सांगता मंद्रूपच्या बाजाराला गेले होते. चिट्टी वांगी निवडत होती, कुणाशी तरी बोलताना हसत होती. मी हाक मारली असती तर ती रडली असती, म्हणून तशीच माघारी आले. मी रागावलेली नाही, एवढं तिला सांगा.

मी म्हणालो, “सांगतो.” मराठीतच. तिचा हात थांबला.

श्रीनिवास आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. त्याच्या हातातली पिशवी तशीच राहिली. तो स्टुलावर बसला.

“हे नाव तुमाला कुणी सांगितलं?”

“त्यांनीच. आत्ता.”

चिट्टी म्हणजे त्याची धाकटी बहीण. चिट्टी म्हणून फक्त आईच हाक मारायची. तिनं जातीबाहेर लग्न केल्यापासून घरात तिचं कुठलंच नाव निघत नव्हतं, आणि ते बंद करणारा श्रीनिवासच होता. त्यानं पिशवी खाली ठेवली. मग त्यानं विचारलं, “तुमाला तेलुगू येतंय व्हय?”

‘येत नाही, पण कळलं’ – एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं असतं तर मी इथल्या त्या लोकांपैकी एक झालो असतो, ज्यांना मी झोप पूर्ण करायला सांगत होतो.

“थोडंफार येतं,” मी म्हणालो.

श्रीनिवास फोन करायला बाहेर गेला. आप्पांनी पेपर खाली ठेवला.

“ती नुसती कण्हत हुती. मी हितंच हाय की,” ते हळू आवाजात म्हणाले. “आन् तुला कवापासनं तेलुगू याया लागली?”

मी उठून पडदा नीट ओढला. त्यांनी पेपरची घडी घातली आणि भिंतीकडं तोंड करून झोपले.

संध्याकाळी बहीण आली. तिचा नवरा जिन्यापाशीच थांबला. श्रीनिवास स्वतः जाऊन त्याला आत घेऊन आला. म्हातारीनं चांगल्या हातानं लेकीचा चेहरा चाचपला. त्यानंतर ती पुटपुटली नाही. पुढं काही दिवसांनी गेली, पण लेक उशाशी होती.

मी कारणं पुष्कळ शोधली. लहानपणी बसमध्ये, गल्लीत तेलुगू कानावर पडलं असेल, ते मेंदूत कुठंतरी साठलं असेल. पण मग आजही यूट्यूबवर तेलुगू लावलं तर एक वाक्य का कळत नाही? श्रीनिवासचं फोनवरचं बोलणं ऐकलं असेल म्हणावं, तर तो बहिणीचं नावच काढत नव्हता. आप्पांच्या काळजीनं झोप नव्हती, हे खरं. पण न झोपलेल्या माणसाला भास होतात, मंद्रूपचा पत्ता मिळत नाही. आप्पांनी हा विषय पुन्हा काढला नाही. मीही खेड्यांतले कार्यक्रम बंद केलेत. ऑफिसच्या कामाचं कारण सांगतो.

म्हातारी गेल्यावर काही आठवड्यांनी ते बहीणभाऊ आमच्या घरी आले. आप्पा खुर्चीत बसले होते. ती माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, “दादा, आई जशी बोलली तसंच सांगा की. तिच्या शब्दांत. मला तिच्या तोंडचं ऐकायचंय.”

माझ्याकडं शब्द नव्हतेच. एकही नव्हता. मी म्हणालो, “आता नीट आठवत नाही.”

तिनं मान डोलावली. मग, मला समजतं या भरवशावर, ती स्वतःच तेलुगूत बोलायला लागली. खूप वेळ बोलली. मधे रडली, मधे एकदा हसलीसुद्धा. श्रीनिवास खाली मान घालून ऐकत होता. मी तिच्या चेहऱ्याकडं बघत बसलो – आत्ता तरी कळेल, त्या दिवशीसारखं… काहीच कळलं नाही. आप्पा माझ्याकडं बघत होते.

शेवटी तिनं काहीतरी विचारलं. प्रश्न होता, एवढं आवाजावरून समजलं. ती उत्तराची वाट बघत थांबली.

मी मान हलवली. होकाराची.

तिनं डोळे मिटले, मोठा श्वास सोडला आणि माझे दोन्ही हात कपाळाला लावले. मग ते दोघं गेले.

म्हातारीचं बोलणं मला कसं समजलं, हे ठाऊक नाही. आणि तिच्या लेकीच्या कुठल्या प्रश्नाला मी ‘हो’ म्हणालो, तेही ठाऊक नाही. श्रीनिवासला फोन करून विचारता येईल… पण कुठल्या तोंडानं विचारू?