घरी चालते, विहारात नाही चालत

नलिनीताई आमच्या सौंसरात जिनिंगच्या वजनकाट्यावर बसते. कापसाची गाडी काट्यावर चढली का ताई आकडा पायते, पावती काढते, आन ड्रायव्हर घाई करून राहिला तं खिडकीतूनच म्हणते, "गाडीले आग लागली का? नाही ना? मंग थांब." मी बी ड्रायव्हरच हावो, संत्र्याचा टेम्पो चालवतो. मलेबी तिनं दहा खेपा थांबवलं असंन.

काट्यावरचा कॉम्प्युटर दर हंगामात बिघडे. नागपूरहून मेकॅनिक याले दोन दिवस लागत, तोवर गाड्यायची लाइन पार रस्त्यापर्यंत. एका वर्षी ताईनं स्वतःच थो खोलला, ब्रशनं आतला कापूस काढला, मेमरीची पट्टी पुसून परत बसवली. चालू झाला. तेव्हापासून मेकॅनिकले कोणी फोन नाही करत.

मी नववीत शाळा सोडली तेव्हा अख्ख्या मोहल्ल्यानं मले बह्याड म्हणलं. ताईनं नाही म्हणलं. तिनं पुढं माह्या लायसन्सचा फार्म भरून देल्ला. म्हणून तिले कोणी काही बोललं का माहं डोकं सरकते.

यंदा विहारात अभ्यासिका निघाली. पोरीयले फार्म भराले, परीक्षेचा सराव कराले कॉम्प्युटर पायजे होता. कमिटीचे भाऊराव काका म्हणे, नागपूरहून तयार आणा. काका डेपोतून रिटायर झाले, हरेक वस्तूचं खोकं सांभाळून ठेवतात, त्यायचा खोक्यावर लय विश्वास.

ताई म्हणे, "मी पार्ट आणून जोडून देतो. बिघडला तं मीच पायीन. आन पोरीयले शिकवीनबी मीच."

"शिकवशीन? तू? काट्यावरची?"

"हाव. काट्यावरची."

काका मिशीतल्या मिशीत हासले. "बरं. रविवारच्या वंदनेपर्यंत चालू करून दाखव. नाही झाला तं सामान वापस. कॉम्प्युटरबी तिकडूनच येईन आन शिकवणाराबी."

ताई गेल्या दोन वर्षांपासून पोरीयले शिकवाचं म्हणून राहिली होती. तिच्या वहीत पहिल्या महिन्याचे धडे लिहून होते, मी पायले हाये. म्हणून तिनं मान हलवली आन गुरुवारी नागपूरची बस पकडली.

शुक्रवारी दुपारी विहारात तिनं सगळं जोडलं. स्क्रू मिठाईच्या डब्यात, पदर खोचून, तोंडात पिन. मी पांढुर्ण्याच्या मंडीतून रिकामा टेम्पो घेऊन आलो तं कॉम्प्युटरचा डबा टेबलाखाली भिताडाले टेकून उभा होता, आन देवकाबाईनं त्याच्यावर पांढरी चादर टाकेल होती. देवकाबाई विहाराची झाडझूड पायते. आमच्या विहारात नवी वस्तू आली का पहिले तिले वंदना ऐकवतात, मंग वापरतात. पंखा आला तेव्हा थो पुरी वंदना होईस्तोवर बंद लटकून होता आन खाली आम्ही घामानं वले. ही रीत देवकाबाईनं चालवेल हाये, तिच्यापुढं काकाबी बोलत नाही.

ताईनं समोरच्या भोकात पेनड्राइव्ह लावला, त्यातून विंडोज टाकनं सुरू झालं. पडद्यावरची पट्टी हळूहळू भरली. मशीन आपल्याच मनानं बंद होऊन परत चालू झालं. ताईनं पेनड्राइव्ह काढून घेतला, आन पडदा काळा. त्याच्यावर इंग्रजीत एकच वळ लिहेल.

"काय म्हणते?" मी इचारलं.

"दुसरी डिस्क असंन तं काढा आन कोणतंबी बटन दाबा."

"मंग काढ ना."

"काढाले हाये काय, विशाल? पेनड्राइव्ह तं माह्या हातात हाये."

तिनं बटन दाबलं. तीच वळ. परत पयल्यापासून टाकलं, परत तीच वळ. संध्याकाळच्या वंदनेची वेळ झाली तं देवकाबाईनं आम्हाले बंद कराले लावलं. चादर नीट करतो म्हणून टेबलाखाली वाकली, मंग भोंग्यावर वंदना लावली. वंदना झाल्यावर डबा टेम्पोत टाकून आम्ही ताईच्या घरी नेला.

शनिवारी सकाळी ताईच्या घरी सगळं एका दमात झालं. विंडोज टाकून झालं, मराठीत टाईप झालं, मी एक पत्त्याचा डावबी हारलो. ताईनं दहा खेपा बंद-चालू करून पायलं. दुपारी विहारात आणलं. देवकाबाईनं चादर टाकली. ताईनं बटन दाबलं.

काळा पडदा. तीच वळ.

घरी चालते, विहारात नाही चालत. आता याले काय म्हणावं? ताईनं मेमरी बदलली, वायर बदलली, माह्या मामाच्या दुकानातून विजेचा बोर्डबी आणून लावला. काका दारात येऊन बसले.

"डेपोतबी एक इंजिन असंच होतं," काका म्हणे. "भंगारात देल्लं."

"काका, तुम्ही चा प्या ना तिकडं," मी म्हणलं.

"हे पोट्टं कोणाले शिकवून राहिलं?"

"विशाल," ताई म्हणे, "चूप बैस. मशीन खोटं नाही बोलत. मलेच समजून नाही राहिलं."

हे तिचं नेहमीचं बोलनं. काट्यावरबी ड्रायव्हर वजनावरून भांडला का हेच म्हणते. पण त्या दिवशी तिचा आवाज बारीक झाला होता. तिनं वही पिशवीत टाकली. मले लय वाईट वाटलं. मनात आलं, काकाच्या घरी जेवढे खोके हाये तेवढे संत्रे भरून मंडीत विकून टाकावे.

रविवारी दहा वाजता विहार भरला. पोरी समोर बसल्या, मोनाली आन अश्विनी तं नव्या वह्या घेऊन आलेल्या. ताईनं मशीन चालू केलं. तीच वळ. तिनं बटन दाबलं, परत दाबलं. काकानं घड्याळ पायलं.

"नलिनी, राहू दे आता. वंदना सुरू करू. देवकाबाई, लावा."

देवकाबाई उठली. भोंग्याकडे नाही गेली, आमच्याकडे आली. चादर वर केली, टेबलाखाली वाकली, डब्याच्या मागं हात घातला आन काहीतरी उपसून भोंग्याकडे निंघाली. ताईचं बोट बटनावरच होतं. पडदा निळा झाला. आन तिकडून वंदना सुरू, इकडे विंडोज सुरू.

सगळे हात जोडून. मधात कोणी बोलू शकत नाही. पण काकाचा एक डोळा पडद्याकडे होता.

वंदना झाली तशी देवकाबाई म्हणे, "मी म्हणलं होतं. वंदना ऐकल्याशिवाय आपल्या इथं काही चालत नाही."

ताई भोंग्यापाशी गेली. "आजी, मागून काय काढलं तुम्ही?"

"वंदनेचा पेनड्राइव्ह. नव्या मशीनले पहिले वंदना मिळावी म्हणून लावून ठेवतो ना मी. समोरच्या भोकात तुह्यं काम चालते, म्हणून मागं लावतो. वंदनेच्या वेळेले काढतो."

माह्या डोक्यात सगळं एकदम बसलं. मशीन पयले पेनड्राइव्हमध्ये पाये, तिथं विंडोज नाही, वंदना. म्हणून म्हणे, काढा. घरी तं थो पेनड्राइव्ह कधी गेलाच नाही. मी काकाले सांगाले तोंड उघडलं, का ताईची काही चूक नाही, तुमच्या विहारातल्याच पेनड्राइव्हनं झालं. ताईनं माह्या पायावर पाय देल्ला. जोरात.

"चूक माहीच," ती सगळ्यायले म्हणे. "मशीन तीन दिवसांपासून सांगून राहिलं होतं, दुसरी डिस्क काढा. मी मागं पायलंच नाही."

मंग तिनं मशीन बंद करून चालू केलं, सेटिंगच्या निळ्या पानावर जाऊन दोन वळी खालीवर केल्या. "आता हे पयले सोताच्या डिस्कमध्ये पायीन, मंग बाकीच्या. आजी, लावा तुमचा पेनड्राइव्ह. तिथंच."

देवकाबाईनं मागं लावला. ताईनं परत चालू केलं. चाललं.

काका उठले, पडद्यापर्यंत आले, चष्मा वर केला. "खोकं कुठं हाये याचं?"

"सुटे पार्ट होते काका. एक खोकं नाही, सात हायेत."

"सातही ठेव," काका म्हणे. मंग पोरीयकडे वळले. "उठून राहिल्या कुठं? बसा. बाई शिकवून राहिली ना."

ताईनं पिशवीतून वही काढली, पयलं पान उघडलं, पायलं आन परत बंद केलं. फळ्यावर खडूनं तीच इंग्रजी वळ लिहिली. "हे काय म्हणून राहिलं, कोण सांगन?"

पोरी एकमेकींकडे पायत. मी मागं दारात उभा होतो, टेम्पोत संत्रे तसेच, मंडीत उशीर होऊन राहिला होता.

"काढा म्हणते," मी म्हणलं.

"बरोबर," ताई म्हणे. "आता चपला काढ आन आत येऊन बैस."