वाकड्या दांडीचा चष्मा

मल्लिनाथ गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात गिऱ्हाईकापुढे चादर उलगडत होतो. तीच चादर मी भिंतीवर भिरकावली. गिऱ्हाईक पळालं. माझ्या संतापाची आमच्या पेठेत ख्याती आहेच... पण त्याचं मूळ शोधलं ते मल्लिनाथनं. हाताचा सर्जन, आणि माझा शाळेपासूनचा दोस्त.

काही वर्षांपूर्वी माझ्या अनामिकेच्या नखाखाली कोणी तापलेला खिळा ठोकतंय असं व्हायचं. वरून दिसायला काही नाही, एक्स-रे साफ. चादरीचं टोक नुसतं लागलं तरी मी बोंबलायचो, हाताला येईल ते फोडायचो. तांब्या, आरसा, एकदा कॅल्क्युलेटर. सगळे म्हणाले, मनाचे खेळ. मग मीच अक्कल चालवून बोटाला बर्फ बांधला. ब्रह्मांड आठवलं. वाटलं, बर्फ कमी पडला असेल, म्हणून आणखी बांधला! शेवटी एका दुपारी काउंटरवर बोट ठेवलं आणि कापडाची कात्री उचलली. बायकोनं, शोभानं, दोन्ही हातांनी माझं मनगट आवळलं आणि तशीच मला मल्लिनाथकडे घेऊन गेली.

"बर्फानं वाढतंय का बे?"

"लई वाढतंय."

"आणि तरी लावतोस? शाबास!"

मग टाचणीचं बोथट डोकं तो नखावर दाबत गेला. इथं? नाही. इथं? नाही. इथं... माझी मूठ आपोआप त्याच्या तोंडावर बसली. त्याचा चष्मा कपाटाखाली, नाकातून भळाभळा रक्त. शोभा किंचाळली. हा मात्र नाकाला रुमाल लावून हसतोय, "सापडलं! वहिनी, ह्यो येडा न्हाय. नखाखाली मोहरीएवढी गाठ हाय. कॅन्सरबिन्सर काय न्हाय, काढली की झालं."

खात्रीसाठी दंडावर बीपीचा पट्टा आवळून, बोटाकडे जाणारं रक्त अडवून त्यानं तीच जागा दाबली. काहीच नाही. पट्टा सैल करून पुन्हा दाबली... तेवढ्यात त्यानं हुशारीनं खुर्ची मागे सरकवली होती, म्हणून दुसरी मूठ हवेत गेली. शोभा रडायलाच लागली, "मला वाटलं, ह्यांच्या डोक्यावरच परिणाम झाला..."

नख उचलून त्यानं गाठ काढली. बोट वाचलं, घरातली भांडीही वाचली. माझ्या ठोशानं वाकलेली चष्म्याची दांडी मात्र त्यानं कधी सरळ केली नाही. "राहू दे बे, निदानाचा पुरावा हाय."

परवा त्याच्या घरी गेलो. टेबलावर चष्मा तसाच, तिरका. त्याच्या बायकोनं फ्रिजमधल्या पाण्याचा ग्लास दिला. सवयीनं अनामिका वर राहिली. मग मुद्दाम गार काचेला टेकवली, दाबली. काही दुखलं नाही... बोट वाचवणाराच गेला, याचा इतका संताप आला की ग्लास भिंतीवर आपटणार होतो. समोर तो चष्मा होता. ग्लास हळूच खाली ठेवला.