पाणथळातलं मेहूण

पक्षी दिसला की माणसांना विसरणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत; पण माणूस दिसला की त्यात पक्षी शोधणारा गृहस्थ सबंध दिल्लीत एकच असावा, आणि तो नेमका माझा साडू निघाला. लग्नाच्या पंगतीत हे साडूभाऊ वरमाईकडे, बँडवाल्याकडे, गुरुजींकडे डोळे बारीक करून बघत आणि कोण कोकिळा, कोण घार, ते माझ्या कानात सांगत. मला त्यांनी पहिल्याच भेटीत ढोकरी ठरवलं. ढोकरी म्हणजे तळ्याकाठी मान खांद्यात घालून बसणारा मातकट बगळा. "तासन्‌तास हलत नाही, आणि बघणाऱ्याला वाटतं केवढं काम चाललंय!" मी तेव्हा कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका सरकारी कचेरीत होतो, त्यामुळे मला फारसं बोलता आलं नाही.

त्यांच्या गळ्यात दुर्बीण कायम असे, सत्यनारायणाच्या पूजेलाही. सोवळं नेसून उघड्या अंगावर जानवं आणि दुर्बीण, असे त्यांचे फोटो आमच्याकडे आहेत. त्यांच्या स्कूटरवर मागे बसणं हा जिवावरचा खेळ होता. एकदा मांडीवर श्रीखंडाचा डबा घेऊन मी मागे बसलो असताना ऐन यमुनेच्या पुलावर त्यांनी करकचून ब्रेक दाबला, कारण खाली पाण्यात कसलीशी बदकं उतरली होती. मागे हॉर्नचा कल्लोळ. हवालदार तणतणत आला, "भाईसाहब, ये क्या तमाशा है?" साडूभाऊंनी शांतपणे दुर्बीण त्याच्या डोळ्यांना लावली. पुढची दहा मिनिटं तो हवालदारच गाड्यांना "शोर मत करो यार" म्हणून दटावत होता. श्रीखंड मात्र माझ्या विजारीवर सांडलं होतं आणि तसाच मी एका नातेवाइकाच्या साखरपुड्याला गेलो.

अशा माणसाबरोबर घर बांधायला निघू नये, हे मला कळायला हवं होतं. पण नव्वदीचे दिवस होते, बाजार मोकळा झाला होता, कचेरीत ज्याच्या त्याच्या तोंडी गुडगाव नाहीतर नोएडा. मयूर विहारमधल्या आमच्या घरमालकाने जागा रिकामी करा म्हणून सांगितलं होतं. तेव्हा आम्ही काही मराठी भाडेकऱ्यांनी सोसायटी काढली आणि नोएडाच्या पलीकडे जमीन घेतली. जमीन बघायला आम्ही भर मे महिन्यात गेलो. कोरडी ठणठणीत होती. मी बुटाची टाच आपटून पाहिली आणि जाणकारासारखा म्हणालो, "बिल्कुल पक्की!" श्रावणात पुन्हा गेलो तेव्हा माझ्या नावाची चिठ्ठी निघालेली सी बिल्डिंग जिथे व्हायची, तिथे गुडघाभर पाणी होतं, आणि त्या पाण्यात लव्हाळ्यांच्या ढिगावर माणसाएवढा उंच, लाल डोक्याचा पक्षी बसला होता. दुसरा बाजूला पहारा देत होता.

"सारस!" साडूभाऊ कुजबुजले. "आता हे फार थोडे उरलेत, साडूभाऊ. एकदा जोडी जमली की जन्मभर मोडत नाही. इथे मातीचा एकही ट्रक येणार नाही." त्यांचे डोळे भरून आले होते. माझेही आले, कारण मला माझी गॅलरी बुडताना दिसत होती.

सर्वसाधारण सभेत ते पाणथळ जागांवर तासभर बोलले. कोणी ऐकलं नाही. एकाने मध्येच गाड्यांच्या पार्किंगचं काय ते विचारलं. मी उभा राहिलो आणि माणसाच्या निवाऱ्यावर असं काही बोललो की माझं मलाच भरून आलं, टाळ्याही पडल्या. साडूभाऊ खचून खाली बसले. मग विषय निघाला भूमिपूजनाचा. गुरुजींनी सांगितलं होतं, पूजेला मेहूण जेवू घाला. कुठल्या जोडप्याला बोलवायचं यावर बायकांची चर्चा रंगली, तेवढ्यात साडूभाऊ हळूच म्हणाले, "मेहूण तर आधीच येऊन बसलंय."

कोणीतरी विचारलं, "ती अंड्यांवर बसलीय का हो?"

"हो. दोन अंडी आहेत."

"अगं बाई!" हा आवाज माझ्या ओळखीचा होता. माझी बायको उभी राहिली होती. "म्हणजे बाळंतीणच की! भरल्या पानावरून कोणी मेहूण उठवतं का? आपल्याला घर लाभेल अशानं?"

मतदान घ्यावंच लागलं नाही. सी बिल्डिंग रद्द झाली आणि तिचे मजले ए आणि बी यांच्या डोक्यावर चढले. मला सर्वांत वरचा मजला मिळाला. लिफ्ट यायला पुढे बरीच वर्षं गेली, तोवर माझ्या गुडघ्यांनी निसर्गरक्षणाला जमेल तेवढा हातभार लावला. पहाटे ती जोडी एका सुरात अशी ओरडे की कॉलेजात जाणारा आमचा मुलगा "यार, इनको कोई म्यूट करो" म्हणत उशी कानावर घेई. मी मात्र चहा घेऊन गॅलरीत उभा राही. पाहुण्यांना "आमचे सारस" म्हणून दाखवी. सभेतल्या माझ्या भाषणाची आठवण साडूभाऊंनी एकदाही काढली नाही.

मग चहूकडे टॉवर उठले. त्यांच्या तळघरांसाठी पंप लागले, आमचं पाणी आटत गेलं, आणि एका श्रावणात ती दोघं आलीच नाहीत. नंतरही आली नाहीत. साडूभाऊ आता खूप थकले आहेत. दुर्बिणीने मान दुखते, तरी ती गळ्यातच असते.

दर वर्षी भूमिपूजनाच्या तिथीला मेहूण जेवू घालायची रीत मात्र सोसायटीने सोडलेली नाही. यंदा आमची पाळी होती. मुलाने गुरुग्रामला विसाव्या मजल्यावर घर घेतलंय, आम्हीही तिकडेच जायचं ठरवलं होतं. हे साडूभाऊंच्या कानावर घालायचा मला अजून धीर झाला नव्हता. बायको आणि मी पाटावर बसलो. वाढायला तेच आले. पुरणपोळीवर तूप बरोबर मधोमध पडलं.

"सावकाश होऊ द्या," खिडकीबाहेरच्या कोरड्या लव्हाळ्यांकडे बघत ते म्हणाले. "घाईनं उठू नका हं, साडूभाऊ."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी ढोकरीसारखी मान खांद्यात घातली आणि आणखी एक पोळी मागून घेतली.